आईवडिलांचा पहिला विमानप्रवास : गुहागर ते अमेरिका

प्रश्न : माझे वडील ७४ वर्षांचे व आई ७० वर्षांची असून दोघे जूनअखेरीस गुहागरहून मुंबईमार्गे माझ्याकडे अमेरिकेत येणार आहेत. वाटेत फ्रँकफर्टला विमान बदलायचे आहे. वडिलांचे गुडघे दुखतात, पण व्हीलचेअरचे नाव काढले की ‘मी काय आजारी आहे?’ असे विचारतात. काय करावे?

उत्तर : व्हीलचेअरची मागणी तिकीट काढतानाच नोंदवावी. बसण्यापेक्षा सोबत येणाऱ्या माणसाचा उपयोग मोठा असतो, कारण तो सुरक्षा तपासणीतून पुढच्या विमानाच्या दारापर्यंत पोहोचवतो. माझ्या वडिलांनी खुर्चीत पिशवी ठेवली आणि स्वतः शेजारून चालत गेले! अमेरिकेतही पुढे विमान बदलायचे असल्यास पहिल्याच विमानतळावर सामान्यतः सामान उतरवून पुन्हा द्यावे लागते, हे आधीच समजावून सांगावे.

उत्तर : औषधे डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह हातातल्या पिशवीतच असावीत. आमच्या आईच्या बॅगेतले सुके खोबरे मुंबईत काढून ठेवावे लागले, कारण त्यातील तेलामुळे ते ज्वलनशील समजले जाते. आमसुले, मसाले नेल्यास अमेरिकेत उतरल्यावर ‘खाद्यपदार्थ आहेत’ असे आपणहून सांगावे. घरच्या बागेतले हापूस मात्र, कितीही जिवावर आले तरी, मागेच ठेवावेत.

उत्तर : पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वेच्या गाड्या कमी वेगाने धावतात आणि घाटरस्त्याचाही भरवसा नसतो, म्हणून चिपळूणहून एक दिवस आधी निघून मुंबईत नातेवाइकांकडे मुक्काम करावा.