‘कॉल-अप’साठी मराठी शब्द कोणता?

प्रश्न : ‘द क्लॅश’ या ब्रिटिश पंक रॉक गटाच्या ‘द कॉल अप’ या १९८० मधील गाण्याचा मराठी अनुवाद करताना मी शीर्षकापाशीच अडलो आहे. गाणे सक्तीच्या सैन्यसेवेला विरोध करणारे आहे. ‘सक्तीची लष्करभरती’ हा शब्दप्रयोग अर्थाच्या दृष्टीने बरोबर असला, तरी गाण्यात तो सरकारी परिपत्रकासारखा वाटतो. दुसरा शब्द सुचवावा.

उत्तर : ‘सक्तीची लष्करभरती’ हा शब्द ‘कॉन्स्क्रिप्शन’साठी योग्य आहे. त्या शब्दाच्या लॅटिन मुळाचा अर्थ ‘एकत्र लिहिणे’, म्हणजेच नावे यादीत चढवणे, असा आहे. ‘कॉल-अप’ मात्र त्या व्यवस्थेचे नाव नसून, यादीतल्या एका माणसाच्या दारात येऊन पोहोचणारा हुकूम आहे, आणि गाणे त्या एका माणसाशी बोलते.

हा भेद त्या वर्षी फार जिवंत होता. अमेरिकेत सक्तीची भरती १९७३ मध्ये थांबली होती. परंतु सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानात शिरल्यानंतर अध्यक्ष कार्टर यांनी १९८० मध्ये १९६० व त्यानंतर जन्मलेल्या तरुणांची नावनोंदणी पुन्हा सुरू केली. ती केवळ नोंदणी होती, त्यातून कोणाला सैन्यात नेले गेले नाही. तरीही नाव लिहिले गेले की बोलावणे येऊ शकते, ही धास्ती खरी होती. ब्रिटनमध्ये सक्तीच्या सेवेसाठी तरुणांना बोलावणे १९६० च्या अखेरीस बंद झाले होते. तेव्हा नोंदणी, बोलावणे आणि भरती या तीन पायऱ्यांना अनुवादातही तीन वेगळे शब्द हवेत.

‘भरती’ या शब्दाविषयी माझा आणखी एक आक्षेप आहे. ‘तो सैन्यात भरती झाला’ असे आपण म्हणतो तेव्हा क्रियेचा कर्ता तोच असतो, आणि त्यात त्याची इच्छा, किंबहुना उत्साहही ऐकू येतो. ‘सक्तीची’ हे विशेषण मागून जोडले, तरी तो सूर पुरता पुसला जात नाही. ‘वेठ’ हा शब्द मला काही काळ मोहात पाडत होता, कारण संस्कृत ‘विष्टि’पासून आलेल्या या शब्दात पिढ्यान्‌पिढ्यांची जबरदस्ती साठली आहे, पण वेठ म्हणजे मोबदल्याविना करून घेतलेले काम, आणि ‘वेठीस धरणे’ आज अडवणुकीच्या अर्थाने रुळले आहे. त्याच वर्षीच्या ‘डेड केनेडीज’ या अमेरिकी गटाच्या गाण्यात याच गोष्टीसाठी ‘ड्राफ्ट’ शब्द येतो, परंतु मराठी वाचकाला त्यावरून मसुदा किंवा बँकेचा कागद आठवेल.

उरतात ‘हाक’ आणि ‘बोलावणे’. ‘हाक’ मी टाळीन. ‘देशाची हाक’ म्हटले की ती आपल्या माणसाची, प्रेमाची होते, आणि भरतीचे आवाहन करणाऱ्यांना नेमका तोच भाव हवा असतो. ‘बोलावणे’ कोरडे आहे. ते लग्नाचे असते, कचेरीचे असते आणि, इथे हा शब्द मला विलक्षण मोलाचा वाटतो, ते मृत्यूचेही असते. ‘त्याला वरचे बोलावणे आले’ हे वाक्य मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. गाण्याच्या आरंभी अमेरिकी मरीन सैनिकांची कवायतीतली लयबद्ध घोषणा ऐकू येते. तिच्यामागून ‘बोलावणे’ हा एकच शब्द आला, तर दोन्ही अर्थ एकदम उमटतील.

प्रश्नकर्ता : ‘बोलावणे’ मला पटले. मात्र ध्रुवपदात, ते न मानणे तुझ्या हाती आहे, असा आशय आहे. ‘बोलावणे झुगारून दे’ म्हणावे काय?

उत्तर : ‘झुगारणे’ उठावाला शोभते. गट पंक असला, तरी या गाण्याची चाल संथ आहे आणि त्यातला नकार शांत, एकेकट्याने घ्यायचा आहे. मराठीत बोलावणाऱ्याला ‘ओ’ देतात. म्हणून ‘ओ द्यायची की नाही, ते तुझ्या हाती’ असे मी लिहीन. ‘नाकारणे’ या क्रियापदात उत्तर देणे गृहीत असते, ‘ओ न देणे’ यात मात्र माणूस गप्प राहूनही ठाम असू शकतो.