पांडाजमध्ये फक्त ‘बाकी’चा सेल लाल करायचाय, अख्खी ओळच रंगायलीय

टॉवेललाईन_सोलापूर:
नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरीच्या कारखान्यात डिस्पॅचचं बघतो, रोज संध्याकाळी शेठना एक्सेल पाठवावं लागतं, ते आता पायथननं, त्यातल्या पांडाज या टेबलांच्या लायब्ररीनं काढायलोय. कॉलम असे: माल, रंग, ऑर्डर, तयार, बाकी आणि सगळ्यात खाली एकूणची ओळ. मला एवढंच पाहिजे की तयार माल ऑर्डरच्या 80 टक्क्यांच्या खाली असला तर त्या ओळीतला बाकीचा सेल तेवढा लाल व्हावा. रंग द्यायच्या स्टाईल.अप्लायला अ‍ॅक्सिस=1 (ओळीओळीनं) दिलं की सगळी ओळ लाल होतीय, आणि सबसेट=['बाकी'] लावलं की की-एरर यायलाय, ऑर्डर नावाचा कॉलमच नाही म्हणतंय. समोर दिसतोय की ओ कॉलम! शेठ मोबाईलवर बघतात, सगळंच लाल दिसलं तर नेमका कुठला माल अडकलाय ते कसं कळणार. सांगा कुणीतरी.

सूत_आणि_स्क्रिप्ट:
दादा, सबसेट दिलं की फंक्शनच्या हातात तेवढाच तुकडा पडतो. तुम्ही बाकी दिलं म्हणजे ओळीत बाकी सोडून काहीच उरलं नाही, मग ऑर्डर कुठनं सापडणार. आणि सबसेट काढून अ‍ॅक्सिस=1 ठेवलं की फंक्शननं ओळीतल्या प्रत्येक सेलसाठी एक स्टाईल परत द्यायची असते, तुम्ही सगळ्यांना तीच देत असणार म्हणून ओळ रंगती.

तुमच्यासारख्या कामाला अ‍ॅक्सिस=नन बरं पडतं. त्यात पूर्ण टेबल फंक्शनमध्ये येतं आणि तुम्ही त्याच मापाचं दुसरं टेबल परत द्यायचं, ज्यात रंगाचा मजकूर हव्या त्या सेलात आणि बाकी सगळीकडं रिकामं. असं (इथं देवनागरीत लिहितोय, टाईप करताना इंग्रजीत करा):

डेफ लाल(डी):
    एस = पीडी.डेटाफ्रेम('', इंडेक्स=डी.इंडेक्स, कॉलम्स=डी.कॉलम्स)
    अट = (डी['तयार'] < 0.8 * डी['ऑर्डर']) & (डी['माल'] != 'एकूण')
    एस.लोक[अट, 'बाकी'] = 'बॅकग्राउंड-कलर: रेड'
    रिटर्न एस

मग डीएफ.स्टाईल.अप्लाय(लाल, अ‍ॅक्सिस=नन) आणि त्यालाच पुढं टू_एक्सेल. अटीतले दोन्ही कंस ठेवाच, काढले की अटीची फोड वेगळीच होती आणि एरर येतो. आधी नुसती अट प्रिंट करून बघा, ट्रू कुठं कुठं आलंय ते पटलं की मगच रंगाच्या मागं लागा. आणि ऑर्डरचा सेल रिकामा असला तर तुलना फॉल्स येती, म्हणजे तो सेल रंगणार नाही. तसले सेल दाखवायचे असतील तर इजना (रिकामे सेल शोधणारं फंक्शन) लावून वेगळा रंग द्या, कारण ऑर्डर भरायची राहिलीय हे शेठना कळणं जास्त गरजेचं आहे.

पार्कचौक:
वरचं बरोबर आहे पण एक गोष्ट जपा. एकूणची ओळ कॉन्कॅटनं जोडली असेल तर तिचा इंडेक्स (ओळीचा नंबर) परत 0 येतो, पहिल्या ओळीचा पण 0, आणि इंडेक्स डबल झाला की अप्लाय आणि मॅप (एकेक सेल बघणारं फंक्शन) दोन्ही चालत नाहीत, सरळ एरर देतात. कॉन्कॅटमध्येच इग्नोर_इंडेक्स=ट्रू टाका. आणि जिथं एका सेलचा रंग त्याच सेलच्या आकड्यावर ठरतो, समजा बाकी 500 च्या वर गेली की लाल, तिथं एवढं काही लागत नाही, मॅप आणि सबसेट बास झालं. जुन्या व्हिडिओत अ‍ॅप्लायमॅप दिसंल, पांडाज 2.1 पासनं त्याचंच नाव मॅप झालंय.

टॉवेललाईन_सोलापूर:
झालं ओ! इंडेक्सचा एरर आलाच होता, इग्नोर_इंडेक्सनं गेला. आता फक्त बाकीचे सेल रंगायलेत, टर्की टॉवेलचा पांढरा आणि जकार्ड चादरीचा मरून, दोन्ही लगेच डोळ्यात भरतात. लै आभार दोघांचे. आता अजून एक, .फॉरमॅटनं स्वल्पविराम दिले ते नोटबुकमध्ये दिसतात पण एक्सेलमध्ये जाईनात. शेठना लाखाच्या हिशोबानं पाहिजेत, 1,25,000 असं.

सूत_आणि_स्क्रिप्ट:
.फॉरमॅट फक्त दाखवण्यापुरतं, एक्सेलमध्ये मूळ आकडाच जातो. एक्सेलसाठी नंबर-फॉरमॅट नावाची प्रॉपर्टी स्टाईलमधनंच द्यावी लागती, सेट_प्रॉपर्टीज वापरा आणि सबसेटमध्ये ऑर्डर, तयार, बाकी हे तीनच कॉलम द्या. फॉरमॅट असा:

[>=100000]##\,##\,##0§##,##0

मधलं § बघून दचकू नका. एक्सेलला तिथं अर्धविराम लागतो, पण स्टाईलमध्ये अर्धविराम आला की प्रॉपर्टी तिथंच संपली असं धरलं जातं, म्हणून पांडाजमध्ये § लिहायचं, एक्सेल लिहिताना ते आपोआप बदलतं. पायथनमध्ये स्ट्रिंगच्या आधी आर लावा, नाहीतर उलट्या तिरक्या रेघांवरनं वॉर्निंग येईल.

पार्कचौक:
हे लाखापर्यंत ठीक, पण एकूणची ओळ कोटीत गेली तर सुरुवातीला [>=10000000]##\,##\,##\,##0§ एवढं अजून जोडा.