शब्दचर्चा: करोनाच्या प्रकारांबद्दल लिहिताना 'मृत्युदर', 'घातक' आणि 'सौम्य'

प्रश्न:
मी परळच्या एका शाळेत शिकवते. नववीच्या मुलांनी प्रदर्शनासाठी करोनाच्या प्रकारांचा तक्ता करायला घेतला आहे. आडव्या अक्षावर कोणता प्रकार किती पसरला, उभ्यावर त्याने किती जीव घेतले आणि शेजारी लसीकरण. मुलांनी अक्षांना 'संसर्गजन्यता' आणि 'मृत्युदर' अशी नावं दिली आहेत. ओमायक्रॉनच्या ठिपक्याजवळ 'सौम्य विषाणू' लिहिलंय. हे शब्द बरोबर आहेत का? आणि 'व्हेरियंट'ला प्रकार म्हणायचं की उत्परिवर्तन?

उत्तर:
ताई, शेवटचा प्रश्न सोपा आहे, तो आधी घेतो. उत्परिवर्तन म्हणजे विषाणूच्या जनुकीय रचनेत झालेला एकेक बदल. असे बदल साठून जे वेगळं रूप ओळखता येतं, तो प्रकार. मार्च २०२१ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने महाराष्ट्रातल्या नमुन्यांत दोन बदल एकत्र सापडल्याचं सांगितलं आणि 'डबल म्युटंट' हा शब्द घरोघरी पोचला. ऐकणाऱ्याला वाटायचं, दुप्पट जोराचा विषाणू आलाय. प्रत्यक्षात त्यात दोनाहून बरेच जास्त बदल होते, त्यातले दोन लक्ष ठेवण्याजोगे. याच घराण्यातल्या बी.१.६१७.२ ला ३१ मे २०२१ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने 'डेल्टा' नाव दिलं. तेव्हा 'प्रकार' लिहा. 'व्हेरियंट'ही चालेल, पण 'उत्परिवर्तन' तिथे नको.

खरी अडचण 'मृत्युदर' या शब्दात आहे. आपण तो तीन वेगळ्या भागाकारांना सर्रास वापरतो. एकूण लोकसंख्येत किती दगावले, चाचणीत सापडलेल्या रुग्णांत किती दगावले आणि लागण झालेल्या सगळ्यांत, म्हणजे कधीच चाचणी न केलेलेही धरून, किती दगावले. वरचा आकडा तोच राहतो, खालचा बदलतो आणि उत्तर कुठच्या कुठे जातं. मुंबईत दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, एका दिवसातले रुग्ण ११ हजारांच्या थोडे वर गेले होते. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनच्या वेळी तोच आकडा २० हजारांच्या पुढे गेला, तरी मृत्यू दुसऱ्या लाटेच्या मानाने फारच कमी होते. त्यातही जानेवारीत कितीतरी जण औषधाच्या दुकानातून किट आणून घरीच चाचणी करत होते, ते सगळे नोंदीत आलेच असं नाही. म्हणून मुलांना उभ्या अक्षावर सरळ 'दर शंभर नोंदलेल्या रुग्णांमागे मृत्यू' असं लिहायला सांगा. लांबलचक आहे, पण कशाला कशाने भागलं ते त्यातच कळतं.

आडव्या अक्षाला 'संसर्गजन्यता' म्हणण्यापेक्षा 'संसर्गक्षमता' बरं. संसर्गजन्य हे आजाराचं विशेषण आहे, संसर्गातून होणारा तो. देवी संसर्गजन्य, क्षयही संसर्गजन्य. आपल्याला इथे कमी-जास्त मोजायचंय.

आता 'घातक'. बातम्यांत तो दोन्ही अक्षांसाठी येतो आणि त्याचा मला खरोखर त्रास होतो. जास्त पसरणारा घातक, जास्त मारणाराही घातक. हिशेब करून पाहा. एखादा प्रकार दीडपट मारक झाला, तर लागण तेवढीच असताना मृत्यू दीडपट होतील. पण तो दीडपट पसरणारा झाला, तर प्रत्येक फेरीत दीडने गुणायचं. एकाकडून दुसऱ्याकडे जायला पाच-सहा दिवस धरले तर महिन्याभरात पाच फेऱ्या होतात आणि दीडचा पाच वेळा गुणाकार साडेसातच्या वर जातो. म्हणजे शंभरात मरणाऱ्यांचं प्रमाण न वाढताही मृत्यू सातपट होऊ शकतात. डेल्टाच्या बाबतीत दोन्ही झालं. तो अल्फापेक्षा, म्हणजे ब्रिटनमध्ये त्याच्या आधी पसरलेल्या प्रकारापेक्षा, वेगाने पसरला आणि ब्रिटनमधल्या अभ्यासात डेल्टाच्या रुग्णांना रुग्णालयात दाखल व्हावं लागण्याचा धोका अल्फाच्या सुमारे दुप्पट दिसला. त्यामुळे तक्त्यावर 'घातक' लिहूच नये असं माझं ठाम मत आहे.

'सौम्य विषाणू' तर खोडाच. ओमायक्रॉन मुंबईत आला तोवर दोन डोस आणि वर चौदा दिवस झालेल्यांना १५ ऑगस्ट २०२१ पासून लोकलचा पास मिळत होता. त्याच वर्षीच्या पालिकेच्या पाचव्या सेरो सर्वेक्षणात, म्हणजे रक्ततपासणीच्या पाहणीत, ८६ टक्क्यांहून जास्त नमुन्यांत प्रतिपिंडं (अँटीबॉडी) सापडली होती. शहराच्या अंगात प्रतिकारशक्ती आधीच होती. आता २०२२ च्या सुरुवातीचं हाँगकाँग बघा. तिथे कितीतरी वृद्धांनी लस घेतलेली नव्हती. ओमायक्रॉन शिरला आणि लोकसंख्येच्या मानाने तिथले मृत्यू त्या काळात जगात सर्वाधिक असणाऱ्यांत गेले. दगावलेल्यांत बहुतेकांचं लसीकरण पूर्ण नव्हतं.

दुसरं उत्तर:
मी पालिकेच्या रुग्णालयात परिचारिका होते, आता निवृत्त आहे. दादा, हाँगकाँगचं पटलं, पण 'सौम्य' एकदम खोडू नका. एप्रिल २०२१ मध्ये ऑक्सिजनचा फ्लोमीटर मिनिटाला १५ लिटरवर ठेवूनही बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा ८५ च्या वर चढेना, असे रुग्ण आम्ही रोज पाहिले. जानेवारीत बहुतेकांचा घसा धरलेला, ताप, अंगदुखी, की घरी. लस न घेतलेल्यांतही ऑक्सिजन लावायची वेळ कमी जणांवर आली. तो फरक नुसत्या लशीचा नव्हता.

पुन्हा पहिलं उत्तर:
सिस्टर, तुमचं म्हणणं बरोबर आहे. लस न घेतलेल्यांतही ओमायक्रॉनचा धोका डेल्टापेक्षा कमी होता, हे अभ्यासांतूनही दिसलं. म्हणून शब्द असा घ्यावा: 'डेल्टापेक्षा कमी तीव्र आजार'. सौम्य म्हटलं की तुलना गळून पडते आणि ऐंशी वर्षांच्या, लस न घेतलेल्या आजोबांनाही तो शब्द लागू होतो.

ताई, लसीकरणाच्या रकान्यातही नुसतं 'लस प्रभावी' नको, कशापासून ते लिहा. आपली कोविशील्ड म्हणजे ॲस्ट्राझेनेकाचीच लस. डेल्टाविरुद्ध तिच्या दोन डोसांनी लक्षणं असलेल्या आजारापासून सुमारे ६७ टक्के संरक्षण मिळालं आणि रुग्णालयात दाखल होण्यापासून ९२ टक्के. एकाच डोसवर लक्षणांपासूनचं संरक्षण ३० टक्क्यांच्या आसपास होतं. हे सगळे ब्रिटनमधले आकडे. पहिला आकडा वाचणारा म्हणतो 'लस कुचकामी', दुसरा वाचणारा म्हणतो 'आता काही होत नाही'. दोन रकाने करा: 'आजारी पडण्यापासून' आणि 'रुग्णालयात जाण्यापासून'. डोस किती झाले ते दोन्हींत लिहा. 'मात्रा' हा शब्द शुद्ध असला तरी मुलांच्या घरी कुणी म्हणत नाही, तेव्हा 'डोस'च ठेवा.