मदत हवी आहे : गच्चीवर धरलेल्या फ्लेश फ्लाय, जात कशी ओळखायची?

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचाच, एमएस्सी झूलॉजी दुसरं वर्ष. प्रोजेक्टला फ्लेश फ्लाय (सडक्या मांसावर येणाऱ्या राखाडी माशा) घेतल्यात आणि आता पुरता अडकलोय. राजारामपुरीत आमच्या गच्चीवर पाण्याची बाटली कापून सापळा केला, आत कोंबडीची कलेजी ठेवली, दोन दिवसांनी जो वास सुटला त्यावरनं आईनं काय काय ऐकवलं ते इथं लिहीत नाही, पण माशा लई आल्या. चमकणाऱ्या हिरव्या-निळ्या ब्लोफ्लाय बाजूला काढल्या. उरल्या ४१. राखाडी रंग, पाठीवर तीन काळे उभे पट्टे, डोळे लाल, पोटावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन आणि माशी जरा फिरवली की काळा चौकोन पांढरा दिसतोय. एकीनं तर डबीत ठेवल्या ठेवल्या जिवंत अळ्याच टाकल्या, अंडी नाहीत, त्यामुळं फ्लेश फ्लाय आहेत एवढं नक्की.

घोडं अडलंय पुढं. मोबाईलला क्लिपवाली मॅक्रो लेन्स लावून फोटो काढले, एकाच माशीचे तीन फोटो ॲपला दिले तर त्यानं तीन नावं सांगितली. १२ माशांचं पोटाचं टोक लालभडक आहे, त्या सगळ्या एकच जात धरू का? दोघींच्या मिशा नारिंगी आहेत, त्या रूफिकॉर्निस जातीच्या म्हणून लिहून टाकू का? गाईड म्हणतात स्पीशीजपर्यंत न्या. वर पावसानं पिन केलेल्या ९ माशांवर बुरशी आलीय. कुणीतरी सांगा की राव.

चिखलवाट : भावा, कलेजी तव्यावर टाकायची सोडून गच्चीवर टाकलीस, आई बोलणारच. बुरशीचं म्हणशील तर डबा घट्ट बंद कर, आत सिलिका जेल आणि डांबरगोळी ठेव. आमच्या तर मुंग्यांनी नेल्या, नुसत्या पिना उरल्या.

दोन_पंखी : फोटोवरनं जात सांगणार नाही, आणि कुणी छातीठोक सांगितली तर विश्वास ठेवू नका. फ्लेश फ्लायच्या सार्कोफॅगा या एकाच वंशात जगभरात ८०० च्या वर जाती आहेत आणि वरनं बघाल तर सगळ्या सख्ख्या बहिणी. लाल टोक कितीतरी जातींत असतं, त्यावर गट पाडू नका. मिशांचा रंग म्हणजे संशयाला जागा, पुरावा नव्हे.

खरी ओळख नराच्या जननेंद्रियात. आधी नर वेगळे काढा, पोटाचं टोक खालून बघा, गोल फुगीर चकचकीत गाठ दुमडून बसलेली दिसली की नर. सुकलेली माशी तशीच ओढाल तर मोडेल, म्हणून ओल्या वाळूवर टिश्यू घालून बंद डब्यात एक दिवस ठेवा, बुरशीसाठी दोन थेंब डेटॉल. मऊ झाली की बारीक पिनेचं टोक वाकवून आकडा करा आणि ती गाठ हळूच बाहेर ओढून तशीच वाळू द्या. बऱ्याचदा एवढ्यानं भागतं. नाही दिसलं तर टोक कापून १० टक्के कॉस्टिक पोटॅशमध्ये रात्रभर, मग पाण्यानं धुऊन ग्लिसरीनमध्ये घालून स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली बघा. कापलेलं टोक त्याच माशीच्या पिनेवर बारीक नळीत राहू दे. ते दुसरीकडं ठेवलंत की कुठलं कुणाचं कळत नाही, हे मी रडून शिकलोय.

फोटो टाकायचे तर त्या भागाचा बाजूनं काढलेला टाका. पाठीचे पट्टे आम्ही बघितलेत.

पन्हाळकरीण : दोन-चार नमुने ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेव रे, पुढं डीएनए बारकोडिंग (डीएनएवरनं जात ओळखणं) करायचं ठरलं तर पाय तोडून देता येतो. आणि पुण्याला आकुर्डीत झेडएसआयचं (भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं) केंद्र आहे, गाईडच्या पत्रासह विचार.

मूळ धागाकर्ता : सगळ्यांचे आभार. मोजल्या, ४१ मध्ये नर फक्त ७ निघाले. मग माद्यांचं काय करू? ३४ माद्या फेकून द्यायच्या का?

दोन_पंखी : फेकू नका, सार्कोफॅगा एसपी. (म्हणजे वंश कळला, जात नाही) म्हणून ठेवा, तेवढं लिहिण्यात कमीपणा नाही. आणि ज्या मादीनं अळ्या टाकल्या त्या अळ्या कुठं आहेत? कलेजीवर वाढवा, खाली कोरडा लाकडाचा भुसा घाला, त्यात जाऊन कोष करतील. दोन-तीन आठवड्यांत माशा निघतील, त्यातले नर बघा. पोरांवरनं आईची जात कळते.

मूळ धागाकर्ता : अळ्या आहेत!! टाकून देणार होतो, विसरून डबी खिडकीत राहिली. १६ मोजल्या, हलायल्यात. आता परत कलेजी आणायची म्हणजे आईला काय सांगू ते तेवढं सुचवा.