मदत हवी आहे: काचेखालची लक्ष्मी डागाळतेय (मण्यांचं पदक)

मंडळी, आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घरात आजीने नटवलेली एक लक्ष्मी होती. रविवर्म्याचा छाप, कमळात उभी, बाजूला हत्ती. आजीने तिच्या साडीवर टिकल्या आणि बारीक मणी टाचले होते. यंदा पावसात भिंत ओली झाली म्हणून फ्रेम खाली काढली, तर मागून वाळवीने अर्धी साडी खाल्लेली. सुटलेले मणी काचेच्या तळाशी साचले होते, ते एका डबीत भरून ठेवलेत. चित्र उरलं तेवढं स्कॅन केलं.

आम्ही मावस-मामे धरून १४ बहिणी. भाऊबीजेला सगळ्या जमतो, तेव्हा प्रत्येकीला एक पदक द्यायचं मनात आहे: २५ मिमीची घुमटाकार काच, तिच्याखाली लक्ष्मीचा चेहरा, भोवती मण्यांची कड. काचा आणि त्या बसवायला पितळी रंगाच्या उथळ वाट्या इतवारी बाजारातून आणल्या. आतापर्यंत तीनदा फसलं.

पहिल्यांदा घरच्या इंकजेटवर, चकचकीत फोटो पेपरवर छापलं आणि पांढऱ्या गोंदाने चिकटवलं. रात्री इतकं छान दिसत होतं की मी बहिणींच्या ग्रुपवर फोटोही टाकला. सकाळी मागचा निळा रंग ओघळून लक्ष्मीच्या गालावर आलेला, आणि मध्ये गोंदाचा दुधट पट्टा, तो आठवड्याने तसाच. मग झटपट चिकटणारा गोंद वापरला. काचेला आतून धुकं आलं. तिसऱ्यांदा यूव्ही रेझिन (अतिनील प्रकाशात घट्ट होणारं पारदर्शक द्रव), साध्या कागदावर. कागदावर भज्यांच्या पुडीसारखे तेलकट डाग, आणि वरून हात लावला की चिकट. उन्हात ठेवा म्हणतात, पण ऑगस्टात ऊन आणू कुठून?

शिवाय मण्यांची कड निसटते. तंगूसाने ओवायचं मोत्यांचं तोरण मला येतं, पण या गोलाला धरायला काही सापडत नाही. कुठे चुकतंय?

—

रंगारी:
पहिली चूक शाईची. घरच्या इंकजेटमध्ये बहुतेक वेळा डाय शाई असते, ती पाण्यात विरघळते. पांढरा गोंद म्हणजे अर्धं पाणीच. लेझरचा टोनर ही प्लास्टिकची पूड, उष्णतेने कागदावर वितळवलेली, ती पाण्याने हलत नाही. पण इंकजेटचा चकचकीत पेपर चुकूनही लेझर मशीनमध्ये घालू नका, आतल्या तापलेल्या रोलरला त्याचा थर चिकटतो आणि मशीनवाला तुम्हाला पुन्हा दारात उभं करणार नाही.

मी तर सरळ स्टुडिओत फोटो काढून घेईन, लग्नाच्या अल्बमसारखा केमिकल प्रिंट. त्यात रंग जिलेटिनच्या थरात असतात, असे ओघळत नाहीत. ४ बाय ६ इंचाच्या एका फोटोत मध्ये कापायला जागा सोडूनही १५ गोल बसतात, म्हणजे तुमचं काम एका फोटोत. गोल २४ मिमीचे ठेवा, काठाला गोंद धरायला जागा राहते. आणि घुमट काच चित्र मोठं करते, त्यामुळे स्कॅन ६०० डीपीआयच्या (इंचाला ६०० ठिपके) खाली नको. या जुन्या छापांचा रंग बारीक ठिपक्यांनी भरलेला असतो. चेहरा फार वाढवलात तर लक्ष्मीला देवी आल्यासारखी दिसेल. वरचं वॉर्निश वयाने पिवळं पडतं, तेवढा पिवळेपणा स्कॅनमध्ये कमी करा. फार नको, नाहीतर आजीची लक्ष्मी राहणार नाही.

—

सक्करदऱ्याची_माळ:
अवो ताई, पांढरा गोंद काचेत अन् वाटीत कोंडून राहिल्या तुम्ही, त्यातलं पाणी जाईन कुठून? वाळन कसा तो? झटपटवाल्याचं वेगळं. त्याची वाफ आजूबाजूला बसते अन् पांढरी पडते, बंद जागेत जास्तच. दागिन्यांचा पारदर्शक गोंद येते, पाण्याशिवायचा, तो आणा. काचेच्या सपाट बाजूवर मधोमध एक थेंब, त्यावर फोटो पालथा, अन् मधून कडेकडे बोटानं दाबत जा. बुडबुडा कडेनं निघून जाते. दिवसभर हात लावू नका. मले माहीत आहे, राहवत नाही.

—

काचकमळ:
रेझिनचे डाग कशामुळे ते सांगते. कागदात हवा असते. रेझिन आत शिरलं की तिथे कागद पारदर्शक होतो, तोच तेलकट डाग. रेझिनच वापरायचं तर कागदाला दोन्ही बाजूंनी आणि कापलेल्या कडेलाही ॲक्रिलिक वॉर्निशचे दोन पातळ हात द्या, एक रात्र वाळू द्या. वरचा चिकटपणा हवेतल्या ऑक्सिजनमुळे राहतो. ढगाळ उन्हाच्या भरवशावर न राहता नखांचा यूव्ही दिवा घ्या. हातमोजे घाला. मी वर्षभर नुसत्या हाताने केलं, आता थेंब लागला तरी बोटांवर पुरळ येतं.

तुमच्या कामाला मात्र रेझिन नकोच. इथल्या मे महिन्यात, ४५ अंशांत, बंद गाडीत राहिलेलं माझं एक लोलक मऊ होऊन त्यावर साखळीचा ठसा उमटला होता. काच बरी.

कडेचं असं: वाटीला टाचायला जागाच नाही, म्हणून निसटतं. वाटी सोडा. फोटो चिकटलेली काच जाड फेल्टवर (नमद्यासारख्या दाबलेल्या कापडावर) चिकटवा आणि काचेला लागून फेल्टवरच ११ नंबरच्या मण्यांचा गोल टाचा, मणी सम संख्येत. त्यावर एकाआड एक मणी घेत दोन ओळी वर चढा, शेवटची ओळ १५ नंबरच्या बारीक मण्यांची. बारीक मण्यांमुळे कड आत झुकते आणि काचेला पकडते. तंगूस इथे ताठ पडतो, नायलॉनचा बीडिंगचा दोरा घ्या. पाठीला चामडं सांगणार होते, पण लक्ष्मी आहे, कुणीतरी बोलेलच. रेक्झिन लावा.

आजीचे मणी आधी तपासा. एकदोन पाण्यात आणि एकदोन नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये टाकून ठेवा. वरून रंगवलेले असतील तर रंग सोडतील.

—

चष्मेवाला:
विषयांतर, पण पुढे विकायचा विचार झाला तर: रविवर्मा १९०६ साली गेले, आणि आपल्याकडे चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतात, तेव्हा ही लक्ष्मी चालेल. नेटवरून उचललेली कुठलीही चित्रं मात्र नको.

—

(मूळ प्रश्नकर्ती)
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. रंगारी, तुमचं ऐकून स्टुडिओत गेले. तिथला मुलगा १५ गोल बघून म्हणाला, "काकू, एवढे बारीक पासपोर्ट कोणाचे?" पहिलं पदक परवा झालं. डाग नाही, धुकं नाही. मधून दाबताना एक बुडबुडा हनुवटीपाशी अडकला, तो आता तीळ समजायचा. कड दोनदा उसवली, कारण मी विषम मणी घेतले होते. तिसऱ्यांदा बसली.

आजीच्या मण्यांपैकी हिरवे निघाले रंगवलेले, रिमूव्हरमध्ये पार पांढरे झाले. लाल आणि सोनेरी टिकले. त्यांची भोकं इतकी बारीक की १२ नंबरची सुई एकदाच जाते, दुसऱ्यांदा दोरा घ्यायला गेले तर एक मणी फुटला. म्हणून ते फक्त वरच्या ओळीत, प्रत्येक पदकात ९. बाकी कड नव्या मण्यांची.

आता एकच विचारायचंय. मागे साखळीसाठी कडी लावू की पिन? आमच्यातल्या अर्ध्या जणी मंगळसूत्राशिवाय गळ्यात काही घालत नाहीत, आणि पिनेने फेल्ट खाली लोंबेल अशी भीती वाटते.