मदत हवी आहे : अलिबागजवळ ६० जणांच्या बैठकीसाठी बंदिस्त हॉल

आमच्या पतसंस्थेची दोन दिवसांची निवासी बैठक नोव्हेंबरातल्या दुसऱ्या शनिवार-रविवारी अलिबागजवळ घ्यायची आहे. माणसं ६०, निम्मी पुण्याहून बसने येणार. मुंबईकरांसाठी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो बोट ठरवली आहे, म्हणजे रस्त्यावरच्या वडखळच्या वाहतूक कोंडीतून त्यांची तरी सुटका.

अडलंय ते हॉलवर. किहीम, आक्षी, नागावला फोन करून झाले. खोल्या मिळताहेत, पण हॉल म्हणून फोटो येतो तो पत्र्याच्या, तिन्ही बाजूंनी उघड्या मांडवाचा. तिथे दुपारच्या उजेडात प्रोजेक्टरवर ताळेबंदाचे आकडे दिसणारच नाहीत आणि खाऱ्या वाऱ्याने माईकमध्ये नुसती घरघर. शाळेचा हॉल सुचवला गेला, पण राहण्याची जागा लांब पडते.

दहा-बारा ज्येष्ठ सभासदांना तळमजल्याच्याच खोल्या हव्यात, त्यात तडजोड नाही. शाकाहारी स्वयंपाक वेगळ्या भांड्यांत. डीजे वगैरे काही नको. बजेट राहणं-जेवण धरून माणशी साडेतीन हजार.

मांडवा ते नागाव पट्ट्यात, वीज गेली तरी अख्खा हॉल जनरेटरवर चालेल अशी, तुम्ही स्वतः बैठक घेतलेली जागा कोणती?