रोजचे बेत ग्रुपवर टाकावेत की गुपचूप कामाला लागावं?

माळ्यावरची_ताई
आम्ही नऊ जणी, प्रत्यक्षात कधीच भेटलेलो नाही. ओळख झाली ती एका पाककृतीखालच्या भांडणातून (थालीपिठाच्या भाजणीत गहू घालावेत का? अजून मिटलेलं नाही). मग ग्रुप निघाला. नियम एकच: सकाळी आजचा बेत टाकायचा, रात्री 'झालं' किंवा 'राहिलं' लिहायचं. एक जण न्यू जर्सीत असते. हिवाळ्यात माझे सकाळचे ६ वाजतात तेव्हा तिच्याकडे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे ७:३० झालेले असतात. म्हणजे माझा बेत आणि तिचं 'झालं' बरोबरच येतात. तीन दिवाळ्या लोंबकळलेला माळा या बायकांमुळे आवरला. नवरा म्हणतो, "काम करायचं तर करा, दवंडी कशाला?" तुमचं मत?

गप्प_गडी
मी भाऊजींच्या बाजूने. पीटर गोलवित्झर या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर केलेले प्रयोग २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांचा इरादा दुसऱ्या कुणी वाचून त्याची दखल घेतली, त्यांनी प्रत्यक्षात कमी काम केलं. सांगितल्यानेच अर्धं केल्यासारखं वाटतं. माझंच बघा. जानेवारीत '१० किलोमीटर पळणार' असं जाहीर केलं, अंगठ्यांचा पाऊस पडला. बूट अजून खोक्यात आहेत.

कडूकारलं
गडीभाऊ, प्रयोग अर्धाच सांगितलात. तिथे प्रश्न 'मी कोण होणार' असल्या इराद्यांचा होता, उदाहरणार्थ चांगला वकील होणं. माळा आवरून कुणी काही होत नाही, फक्त माळा रिकामा होतो. याच गोलवित्झर यांचं दुसरं काम सांगतं की 'अमुक वाजले की तमुक करायचं' असं वेळ-जागा धरून ठरवलं तर काम पार पडायची शक्यता वाढते. आणि मुख्य म्हणजे, प्रयोगात इरादा वाचणारा परका होता. तो रात्री "झालं का गं?" म्हणून विचारायला येत नव्हता. तुमच्या अंगठेवाल्यांपैकी कुणी विचारलं?

गप्प_गडी
नाही विचारलं.

सुट्टीवरची_मुंगी
विचारण्याचाही जाच होतो हो. मी अशाच एका ग्रुपात होते. डेंग्यू झाला, उठवत नव्हतं, पण सगळ्यांच्या बरोबरच्या खुणा बघून 'राहिलं' लिहायची लाज वाटली. तीन दिवस पडल्या पडल्या 'योगासनं झाली' असं खोटं लिहिलं. वर शाबासक्या! चौथ्या दिवशी ग्रुप सोडला. कुणाला कळलंही नसेल.

माळ्यावरची_ताई
मुंगीताई, वाचून कसंतरी झालं. आमच्याकडे उलट 'राहिलं'लाच जास्त उत्तरं येतात. आई गेली त्यानंतर महिनाभर माझा बेत एकच असायचा: आंघोळ आणि जेवण. कुणीही 'खंबीर राहा' म्हणालं नाही. एक जण दुपारी नुसतं विचारायची, "आमटी की पिठलं?" तिला उत्तर द्यायचं म्हणून मी काहीतरी फोडणीला टाकायचे.

सुट्टीवरची_मुंगी
नऊ जणी आहात म्हणून. आम्ही दोनशेच्या वर होतो. तिथे कोण आमटी विचारणार?

टेकडीवाला
एक वेगळाच मुद्दा. माळा ठीक आहे, पण 'पहाटे ५ ला एकटी टेकडीवर निघाले' हे अनोळखी माणसांसमोर कशाला? २०१८ च्या जानेवारीत स्ट्राव्हा या पळण्या-फिरण्याची नोंद ठेवणाऱ्या अ‍ॅपच्या नकाशावर धावणाऱ्या सैनिकांच्या वाटा उमटल्या आणि लष्करी तळांचे आराखडे जगाला दिसले. आपण तर साधी माणसं. जाऊन आल्यावर सांगा.

कडूकारलं
हे शंभर टक्के मान्य. वेळ-जागा स्वतःपुरती धरायची, ग्रुपवर नुसतं 'फिरून येणार' पुरे.

गप्प_गडी
परका वाचणारा आणि रात्री विचारणारी मैत्रीण यांत फरक आहे, एवढं मान्य करतो. पण बूट कधी काढणार ते इथे सांगणार नाही.

माळ्यावरची_ताई
नका सांगू. रात्री विचारणार मात्र आहे.